सफरचंदाची पेटी आणि तोसाचे झाड

बाजारात सफरचंदे आज पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात, तरी घाऊक व्यापारी भाव सांगतो तो 'पेटी'चा. वस्तू बदलली, शब्द मात्र राहिला. १९७०-८० च्या सुमारास ज्यांचे बालपण गेले त्यांना खरी पेटी आठवत असेल. पांढरट, हलक्या फळ्यांची, खिळे ठोकून बंद केलेली, आत गवत आणि जुन्या वर्तमानपत्रांचे कागद. सफरचंदे संपली की त्या फळ्यांची घरात मांडणी व्हायची, मुलांची गाडी व्हायची, नाहीतर त्या बंबात जायच्या.

ही फळी कोणत्या झाडाची, असा प्रश्न आपल्याला तेव्हा पडला नाही. हिमाचल प्रदेशातून येणाऱ्या पेट्या मुख्यतः दोन झाडांच्या लाकडाच्या असत. एक 'रई' म्हणजे स्प्रूस आणि दुसरे 'तोस' म्हणजे हिमालयातला फर. या लेखात आपण तोसाची गोष्ट पाहणार आहोत. एखाद्या झाडाला जगायला काय लागते हे पुरेसे ध्यानात न घेता त्याचा वापर ठरवला तर काय होते, हे या गोष्टीतून चांगले समजते.

ओळख

पाइन, देवदार, स्प्रूस आणि फर या चारही सूचिपर्णी वृक्षांना आपण सरसकट 'पाइन' म्हणतो. खरे तर त्यांच्यातला फरक सातवीच्या मुलांनाही ओळखता येईल. पाइनच्या सुया दोन-तीन किंवा पाचच्या जुडीत असतात. देवदाराच्या आखूड सुया झुपक्यांनी येतात. स्प्रूसची सुई चौकोनी, बोटांत धरून फिरवता येते. फरची सुई चपटी असते, फिरवू गेल्यास फिरत नाही. तिच्या खालच्या बाजूला दोन पांढुरके पट्टे असतात आणि टोकाला बहुधा छोटी खाच असते. शंकूंवरून तर दुरूनच ओळख पटते. स्प्रूसचे शंकू खाली लोंबतात. फरचे गडद जांभळे शंकू फांदीवर मेणबत्तीसारखे ताठ उभे असतात, आणि पिकल्यावर अखंड न पडता झाडावरच सुटे होऊन विखुरतात. झाडाखाली फरचा अख्खा शंकू शोधत बसलो तर सहसा सापडत नाही, तो यामुळेच.

पश्चिम हिमालयातल्या या फरचे शास्त्रीय नाव 'ॲबिज पिंड्रो'. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक असलेल्या जॉन फोर्ब्स रॉयल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वृक्षाचे वर्णन केले. 'पिंड्रो' हा शब्द स्थानिक नावावरून घेतलेला आहे. याचाच भाऊबंद असलेला, त्याहून अधिक उंचीवर वाढणारा फर पूर्वी 'ॲबिज वेबियाना' या नावाने ओळखला जाई. कुमाऊँचे सर्वेक्षण करणाऱ्या कॅप्टन वेब यांच्यावरून ते नाव पडले. आज त्याला 'ॲबिज स्पेक्टॅबिलिस' म्हणतात.

'वेबियाना' हे नाव अनेक मराठी घरांत कळत नकळत येऊन गेले आहे. खोकल्यावरच्या तालीसादि चूर्णातले 'तालीसपत्र' म्हणजे याच फरची पाने, असे भारतीय आयुर्वेदीय योगसंग्रहात मानले आहे. बाजारात मात्र या नावाखाली थुनेराची, म्हणजे हिमालयातल्या 'यू' वृक्षाची पानेही विकली गेली आहेत. थुनेराची पाने विषारी असतात. सुईच्या खाली पांढरे पट्टे आहेत की नाहीत, एवढ्या साध्या निरीक्षणाचे मोल इथे कळते.

झाडाच्या गरजा

तोस साधारण २४०० मीटरच्या वर आढळतो. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे महाराष्ट्राचा सर्वांत उंच माथा जिथे संपतो, त्याच्याही सातआठशे मीटर वर या झाडाची सुरुवात होते. तिथेही ते हवे तिथे उगवत नाही. उत्तरेकडे तोंड असलेले, ऊन कमी लागणारे उतार, खोल आणि ओलसर माती, हिवाळ्यात भरपूर बर्फ अशी जागा त्याला लागते. त्याच्या खालच्या अंगाला देवदार असतो, सोबतीला रई आणि खरसू ओक, आणि वर गेल्यावर भूर्जवृक्ष. अशा जागी तोस ४५ मीटर आणि कधी त्याहूनही उंच होतो.

पण या गरजा झाल्या मोठ्या झाडाच्या. रोपाच्या गरजा वेगळ्या आणि अधिक नाजूक असतात. तोसाला दरवर्षी चांगले बी धरत नाही, बियांची चांगली वर्षे काही वर्षांच्या अंतराने येतात. पुष्कळसे बी पोकळच निघते. जे रुजायचे ते बर्फ वितळल्यावर वसंतात रुजते. यापुढे खरी अडचण सुरू होते. थंडीमुळे गळलेल्या सुया लवकर कुजत नाहीत, त्यांचा जाड थर जमिनीवर साचतो. बी या थरावर रुजते. मे-जूनमध्ये, पावसाळ्यापूर्वी, हा थर कोरडा पडतो. तोवर कोवळे मूळ खालच्या खऱ्या मातीपर्यंत पोहोचले तर रोप जगते, नाहीतर वाळून जाते.

जगलेले रोप फार सावकाश वाढते. रोपवाटिकेतसुद्धा ते लावणीजोगे व्हायला चार-पाच वर्षे लागतात. लहानपणी त्याला सावली चालते, किंबहुना हवीच असते. मोठ्या झाडांच्या छायेत ते वर्षानुवर्षे खुरटून उभे राहते आणि वरचे एखादे झाड पडून थोडा उजेड आला की वाढीला लागते. कापण्याजोगा वृक्ष तयार व्हायला सुमारे दीड शतक जावे लागते.

दुर्लक्षाचा फायदा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे धावली आणि पुढच्या काही दशकांत देशभर रूळ पसरले. रुळांखालच्या स्लीपरसाठी टिकाऊ लाकूड हवे होते. उत्तर भारतात ते देवदाराचे मिळाले. देवदाराचे ओंडके आणि स्लीपर हिमालयातल्या नद्यांत सोडून सपाटीवर वाहून आणले जात. या तोडीने जंगले झपाट्याने विरळ होऊ लागली. १८६४ मध्ये सरकारने डीट्रिश ब्रँडिस या जर्मन शास्त्रज्ञाला देशाचे पहिले वनमहानिरीक्षक नेमले, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

या काळात तोस बराचसा वाचला. त्याचे लाकूड पांढरे, मऊ आणि हलके. जमिनीशी संबंध आला की ते लवकर कुजते. रेल्वेच्या दृष्टीने ते निरुपयोगी होते आणि शिवाय फार उंचावर होते. देवदाराचा गुण त्याच्या मुळावर आला, तोसाचा अवगुण त्याला तारक ठरला.

या दुर्लक्षातही काही लोकांनी झाडाकडे बारकाईने पाहिले. वनशास्त्रज्ञ रॉबर्ट स्कॉट ट्रूप यांचा भारतीय वृक्षांच्या संवर्धनावरचा तीन खंडांचा ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फरची रोपे सहजी उगवत नाहीत, ही अडचण त्या काळातल्या वनअधिकाऱ्यांना माहीत होती. ही तारीख लक्षात ठेवावी, कारण पुढे जे घडले ते अज्ञानापोटी घडले असे म्हणता येत नाही.

सफरचंद येते

१८७० मध्ये कॅप्टन ली यांनी कुलूच्या खोऱ्यात बंदरोल येथे सफरचंदाची बाग लावली. ते फळ आंबटसर होते. गोड 'डेलिशियस' जात रुजवली ती सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकेतून आलेल्या आणि सिमल्याजवळ कोटगढ भागात स्थायिक झालेल्या गृहस्थांनी, १९१६ च्या सुमारास. पुढे ते सत्यानंद स्टोक्स झाले आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले. डोंगरी शेतकऱ्याला दारिद्र्यातून बाहेर काढणारे पीक या लोकांनी दिले, यात शंका नाही.

१९५०-५१ मध्ये हिमाचलात सफरचंदाखाली सुमारे ४०० हेक्टर जमीन होती. दहा वर्षांत ती सुमारे ३ हजार हेक्टर झाली. आज ती १ लाख हेक्टरहून अधिक आहे. फळ दिल्ली, मुंबई, कलकत्त्याला पोहोचवायचे तर पेटी हवी. पेटीचे लाकूड हलके हवे, त्याला वास नको, खिळा मारताना ते फाटायला नको. तोसाच्या लाकडात हे सगळे गुण होते. रुळांखाली जे कामाचे नव्हते ते पेटीला अगदी योग्य ठरले.

आता येथे एक साधा हिशेब मुलांपुढे मांडून पाहावा. सफरचंदाची पेटी बागेतून निघते, मुंबईच्या बाजारात फुटते आणि तिचे काम संपते. ती परत जात नाही. सुमारे अठरा-वीस किलो फळामागे एक पेटी, दर हंगामाला नवी. सफरचंदाचे झाड आठ-दहा वर्षांत फळाला लागते आणि मग वर्षानुवर्षे फळे देते. पेटीचे झाड दीडशे वर्षांत एकदा तयार होते. एक घड्याळ वर्षाचे, दुसरे दीड शतकाचे. दोन्ही एकाच व्यवहारात जुंपली तर कोणते मागे पडेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

रोपे का येईनात?

तोडलेल्या जागी नवी झाडे आली असती तर हा हिशेब लांबणीवर पडला असता. पण ती पुरेशी आली नाहीत. झाडे काढून जागा मोकळी केली की उजेड येतो, उजेड आला की रोपे फोफावतात, हा अनुभव पाइनच्या बाबतीत खरा आहे. चीडपाइन उघड्या, उन्हाच्या उतारावर सहज उगवतो. तोसाच्या जंगलात उजेडाचा फायदा पहिल्यांदा घेतात ती झुडपे आणि उंच तण. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्या कुळातली झुडपे, म्हणजे स्ट्रोबिलँथिस, तिथेही माजतात. चार-पाच वर्षांत वीतभरही न वाढणारे रोप त्यांच्याखाली गुदमरते. हिवाळ्यात बर्फाच्या भाराने हे तण आडवे होऊन रोपावर पडते.

याच जंगलांत उन्हाळ्यात गद्दी धनगरांच्या मेंढ्या आणि गुज्जरांच्या म्हशी येतात. चरण्याने आणि तुडवण्याने रोपे मरतात, हे खरे. मात्र सगळा दोष त्यांच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. हे लोक तोडीच्या आधीपासून तिथे येत होते. वरचे छत्र विरळ झाले, माती सुकली, तण माजले आणि त्यात चराई, अशा सगळ्या गोष्टी एकत्र आल्यावर रोपांचा निभाव लागला नाही.

पुठ्ठा आणि बंदी

१९८० च्या दशकात चित्र बदलू लागले. १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा झाला. दशकाच्या मध्यास हिमाचलात हिरव्या झाडांच्या तोडीवर निर्बंध आले. सरकारी उत्तेजनाने पुठ्ठ्याची खोकी आली. सपाटीवरच्या निलगिरीच्या आणि इतर झाडांच्या फळ्या काही काळ वापरल्या गेल्या. काश्मीरने लागवडीच्या पॉप्लरच्या पेट्यांचा मार्ग धरला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या वनतोडीवर कडक बंधने घातली. पुठ्ठ्यात फळ कुजेल, खोकी दबतील अशी भीती बागायतदारांना होती, पण त्यांनी बदल स्वीकारला. आज हिमाचलाचे सफरचंद तोसाची फळी न वापरता देशभर जाते. हे एक मोठे यश आहे आणि ते मुलांना जरूर सांगावे.

पण तोड थांबली म्हणजे जंगल परत आले, असे नाही. बंदी उभ्या झाडाला वाचवते, न जन्मलेल्या झाडाला ती जन्म देत नाही. रोपासाठी सावली राखावी लागते, सुयांचा थर बाजूला सारून माती उघडी करावी लागते, तण काढावे लागते, आणि एखादा तुकडा तिथल्या गुराख्यांशी बोलून वर्षानुवर्षे चराईला बंद ठेवावा लागतो. यापैकी कोणतेही काम एका आदेशाने होत नाही. त्यातच हवा तापत चालली आहे. थंडावा शोधत झाडांनी वर सरकायचे म्हटले तरी ते बियांमार्फत आणि रोपांमार्फतच शक्य आहे.

हिमालयाच्या सहलीला जाणारे आपल्यापैकी अनेक शिक्षक मनालीच्या वर किंवा नारकंड्याला गर्द काळसर रांगा पाहतात आणि जंगल छान आहे असे म्हणून छायाचित्र काढतात. पुढच्या वेळी मुलांना घेऊन गेलात तर एक करून पाहा. एका मोठ्या तोसाखाली थांबा, मान वर करून त्याची उंची पाहून घ्या, आणि मग दहा पावले लांब, दहा पावले रुंद जागेत गुडघ्यावर बसून त्याची रोपे मोजा. वीतभर किती, गुडघ्याएवढी किती, माणसाएवढी किती, ते वहीत लिहा. उभे झाड दीडशे वर्षांपूर्वीची हकिगत सांगते. पुढच्या दीडशे वर्षांत इथे तोस असेल की नाही, ते या मोजणीतच कळेल.