चित्राला धक्का न लावता

पडद्यावरची अक्षरे बोलपटाहून जुनी आहेत. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लागला, तेव्हा प्रसंगांच्या मधे मजकुराच्या पाट्या येत. मूकपट दुसऱ्या भाषेच्या प्रांतात न्यायचा, तर पाट्या तेवढ्या बदलल्या की भागे.

बोलपट आला आणि ही सोय संपली. संवाद चालू असतानाच त्याचा अर्थ खाली दिसायला हवा होता. १९३०च्या दशकात युरोपात तयार फितीवरच अक्षरे उमटवण्याच्या पद्धती निघाल्या. तापलेल्या ठशाने किंवा रसायनाने फितीवरचा थर अक्षराच्या आकारात काढून टाकायचा. तेथून आरपार गेलेला उजेड म्हणजे पडद्यावरची पांढरी ओळ. पुढे १९८०च्या दशकात हे काम लेझरकडे गेले. तरी अक्षर ही चित्राला झालेली जखमच राहिली. एका भाषेची प्रत दुसरीच्या कामाची उरत नसे. बेल्जियममध्ये तर फ्रेंच आणि डच अशा दोन्ही ओळी एकाच प्रतीवर छापत.

१९९६च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी विक्रीला आली आणि अक्षरे चित्रापासून सुटी झाली. डिस्कवर चित्राचा प्रवाह वेगळा, ध्वनीचे आठपर्यंत, उपशीर्षकांचे बत्तीसपर्यंत. हे सारे एकत्र गुंफलेले असतात. प्लेयर ते उलगडतो आणि हवी ती ओळ चित्रावर ठेवतो.

म्हणूनच घरच्या संगणकावरही नवी भाषा जोडता येऊ लागली. प्रवाह सुटे करायचे, भाषांतराच्या प्रत्येक ओळीला सुरुवातीची व शेवटची वेळ द्यायची, तिचे चार रंगांत मावणारे छोटे चित्र करायचे आणि सगळे पुन्हा गुंफायचे. ‘डीव्हीडीऑथर’ या मुक्त प्रणालीतला ‘स्पूमक्स’ हेच गुंफण्याचे काम करतो. मूळ व्हिडिओ एमपेग-२ पद्धतीने आधीच दाबलेला असतो. तो पुन्हा एन्कोड केला की आणखी बारकावे जातात. येथे त्याला हातच लागत नाही.

उपशीर्षक चित्ररूप असल्याचा आपल्याला विशेष लाभ आहे. प्लेयरला देवनागरी येण्याची गरज नाही. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार संगणकावर एकदा नीट उमटले, की कुठल्याही प्लेयरवर तसेच दिसतात. तमिळ, बंगाली, उर्दू यांनाही तोच न्याय.

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. एका डिस्कवर जागा ३२. सगळ्या बसवूनही दहा उरतात. तरी मराठी चित्रपटांच्या डिस्कवर बहुधा एकच भाषा भेटे, ती इंग्रजी. मराठी चित्रपट कन्नड किंवा मैथिली वाचकापर्यंत नेण्यात तंत्राची अडचण नव्हती. अडचण होती ती त्या ओळी कुणाकडून तरी लिहवून घेण्याची.