ध्वनीचे भिंग आणि चेतातंतूंची वेदना

वर्धा-बल्लारपूर लोहमार्गावर वरोरा सोडले की माजरी जंक्शन लागते. चंद्रपूर जिल्ह्यातील हे गाव कोळशाच्या खाणींसाठी आणि आदिलाबादकडे फुटणाऱ्या रेल्वेफाट्यासाठी ओळखले जाते. अलीकडच्या वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९५१ साली कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारले. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात.

कुष्ठरोग त्वचेवर दिसतो; पण त्याचे जंतू मुख्यतः चेतातंतूंना इजा करतात. कोपराजवळून जाणारी चेता सुजून जाड झाली की हाताच्या कडेची संवेदना जाते. चुलीवरचे तापलेले भांडे हातात धरले तरी कळत नाही, जखम होते, ती चिघळते आणि बोटे झडतात. आपण ज्या वेदनेला कंटाळतो ती शरीराची राखणदार असते, हे या रुग्णांकडे पाहिले की पटते. मात्र याच रोगाची दुसरी बाजूही आहे. औषधांनी जंतू मेले, रोग बरा झाला, तरी काही जणांच्या हातापायांत आग आणि कळा वर्षानुवर्षे राहतात. तिथे जखम नसते. इजा झालेल्या चेतातंतूंकडून आणि त्यांच्याशी जोडलेल्या मेंदूतील पेशींकडून खोटे संदेश येत असतात. मधुमेह, नागीण किंवा अवयव कापल्यानंतरची वेदनाही पुष्कळदा याच जातीची असते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या तिच्यावर फारशा चालत नाहीत.

खरी वेदना शाबूत ठेवून हा खोटा संदेश तेवढा थांबवता येईल का, आणि तोही सुरी न लावता? या प्रश्नाच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञांनी ज्या साधनांचा वापर केला, त्यांपैकी एक म्हणजे ध्वनी. त्या प्रयत्नांचा इतिहास आपण इथे पाहणार आहोत.

स्फटिकापासून पाणबुडीपर्यंत

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. तो हवा तेव्हा निर्माण करण्याची किल्ली १८८० साली प्येर आणि झाक क्यूरी या बंधूंच्या हाती लागली. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो, असे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी उलट परिणामही सिद्ध झाला: स्फटिकाला विद्युतदाब दिला की तो आकुंचन-प्रसरण पावतो. विद्युतदाब वेगाने उलटसुलट केला की स्फटिक तेवढ्याच वेगाने कंप पावणार, हे ओघानेच आले.

प्येर क्यूरी यांचे शिष्य पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी या गुणधर्माचा उपयोग केला. पाण्यात ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनी टिपायचा, ही त्यांची कल्पना. रेल्वेच्या रुळांमधील आतल्या भेगा शोधण्यासाठी जी श्राव्यातीत तपासणी होते, तिच्यात आणि दवाखान्यातील सोनोग्राफीत तत्त्व हेच आहे. पण लांजव्हँ यांना एक अनपेक्षित गोष्टही दिसली. शक्तिशाली ध्वनीच्या झोतात आलेले मासे मरत, आणि पाण्यात हात घातला तर वेदना होत. म्हणजे या ध्वनीने नुसते पाहता येते असे नव्हे; त्याने सजीव पेशींवर परिणामही घडवता येतो. अमेरिकेत रॉबर्ट वुड आणि आल्फ्रेड लूमिस यांनी या परिणामांचा पद्धतशीर अभ्यास करून तो १९२७ साली प्रसिद्ध केला.

झोत एकवटला

बहिर्गोल भिंगाने सूर्यप्रकाश एका बिंदूवर एकवटतो. तिथे कागद जळतो, पण भिंग आणि कागद यांच्यामधला प्रकाश कशालाच जाळत नाही. ध्वनीचेही असे करता येईल का? १९४२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतर्वक्र स्फटिक वापरून हे करून दाखवले. यकृताच्या तुकड्यात पृष्ठभाग शाबूत ठेवून आतला एक ठिपका त्यांनी नष्ट केला. प्राण्यांच्या मेंदूवर प्रयोग करताना मात्र वाटेतील त्वचेलाही इजा झाली.

ही अडचण १९५०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातील विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी निराळ्या रीतीने सोडवली. त्यांनी चार वेगळे झोत एकाच बिंदूवर आणले. आयोवा येथील शल्यविशारद रसेल मायर्स यांच्यासह त्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर उपचारही केले. पण त्यासाठी कवटीचा तुकडा आधी काढावा लागे. सुरी टळली नव्हतीच.

पद्माकर लेले यांचा प्रश्न

मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे असे एक नाव इथे येते: पद्माकर लेले. १९५०च्या दशकात ते ऑक्सफर्डला ग्रॅहम वेडेल यांच्यासह त्वचेच्या आणि डोळ्याच्या पारपटलाच्या संवेदनांवर संशोधन करीत होते. स्पर्श, उष्णता आणि वेदना आपल्याला कशा कळतात, हा त्यांचा विषय. याच वेडेल यांनी कुष्ठरोगात चेतातंतूंचे काय होते याचाही अभ्यास केला, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे.

लेले पुढे बॉस्टनला गेले. एकाच भिंगाने झोत एकवटून, वाटेत कोणताही माग न ठेवता, ऊतींच्या आत नेमका ठिपका कसा पाडावा याची साधी पद्धत त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केली. १९६३च्या शोधनिबंधात त्यांनी आणखी मूलभूत प्रश्न हाती घेतला. केंद्रित ध्वनीने चेतातंतूंचे वहन थांबते हे दिसत होते. पण ते कशाने थांबते? ध्वनीच्या काही खास गुणामुळे, की त्याने निर्माण केलेल्या उष्णतेमुळे? गांडुळापासून मांजर-माकडापर्यंतच्या चेतातंतूंवर त्यांनी प्रयोग केले आणि शेजारी तापमान मोजले. ध्वनीने होणारे परिणाम नुसत्या उष्णतेनेही घडवता येतात, असे त्यांना आढळले. मात्रा कमी असेल तर वहन थांबून पुन्हा सुरू होई. जास्त झाली की कायमचे बंद पडे. त्याच सुमारास, १९६१ साली, यंग आणि हेनेमन यांनी दाखवले होते की बारीक तंतू जाड तंतूंच्या आधी बंद पडतात. वेदनेचे संदेश वाहणारे तंतू बारीकच असतात, म्हणून या निष्कर्षाला महत्त्व होते.

उत्तर उष्णता असे आले आणि पुढची दिशा ठरली. काही अंशांच्या फरकावर तात्पुरता अडथळा आणि कायमचा नाश यांचे अंतर ठरत असेल, तर वैद्याला मेंदूच्या आतले तापमान कळलेच पाहिजे. त्या काळी ते कळण्यासाठी मेंदूत सुई खुपसावी लागे. लेले यांनी पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत केंद्रित ध्वनीच्या उष्णतेने गाठींवर उपचार करण्याचे काम चालू ठेवले. वेदनेच्या उपचाराला मात्र वाट पाहावी लागली.

कवटी आणि तापमापी

दोन अडचणी होत्या. पहिली कवटीची. हाडात ध्वनीचा वेग मऊ ऊतींतील वेगाच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि कवटीची जाडी जागोजागी वेगळी असते. त्यामुळे निरनिराळ्या वाटांनी गेलेल्या लहरी एकाच ठेक्यात पोहोचत नाहीत, बिंदू फाकतो. शिवाय हाड ध्वनी शोषून स्वतःच तापते. यावर उपाय म्हणजे एका मोठ्या स्फटिकाऐवजी शेकडो लहान स्फटिकांचे शिरस्त्राण. सीटी स्कॅनवरून कवटीची जाडी मोजायची आणि प्रत्येक स्फटिकाची लहर किंचित आधी किंवा नंतर सोडायची. मैदानावर वेगवेगळ्या वाटांनी येणारी मुले एकाच क्षणी झेंड्यापाशी यावीत म्हणून शिक्षक कोणाला आधी आणि कोणाला उशिरा सोडतील, तसेच हे. अखंड कवटीतून हे साधता येईल, असे बॉस्टनमध्ये हायनिनेन आणि योलेस यांनी १९९८ साली दाखवले.

दुसरी अडचण तापमापीची. पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांची अनुनाद-वारंवारता तापमानाबरोबर किंचित बदलते. एमआरआय यंत्राने हा बदल टिपून शरीरात सुई न घालता तापमानाचा नकाशा काढण्याची पद्धत १९९०च्या दशकात विकसित झाली. लेले यांच्या प्रश्नाने ज्याची गरज दाखवली होती ते साधन तीस वर्षांनी हाती आले.

झुरिकचे रुग्ण

२००९ साली झुरिक येथून जानमोनो, मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेतातंतूंच्या जुनाट वेदनेच्या नऊ रुग्णांवरील उपचार प्रसिद्ध केले. शिरस्त्राणात १,०२४ स्फटिक होते आणि वारंवारता ६५० किलोहर्ट्झ. ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धरला तर तरंगलांबी सुमारे २.४ मिलिमीटर येते. बिंदू याहून फार लहान करता येत नाही. थॅलॅमस या मेंदूच्या मध्यवर्ती भागात ३ ते ५ मिलिमीटरचा ठिपका पाडण्यात आला. तापमान ५१ ते ६० अंश सेल्सिअस. रुग्ण पूर्ण शुद्धीवर होते. इजेनंतर थॅलॅमसमधील ज्या पेशी विकृत लयीत संदेश सोडू लागतात, तेवढ्याच तोडायच्या आणि स्पर्शाच्या व वेदनेच्या नेहमीच्या वाटा शाबूत ठेवायच्या, हा हेतू. राखणदाराला न मारता त्याची खोटी हाकाटी थांबवायची, असे म्हणता येईल.

२०१२ साली याच गटाने बारा रुग्णांचा अहवाल दिला. वेदना तीन महिन्यांनी सरासरी ४९ टक्के आणि वर्षाने, तेव्हा तपासलेल्या आठ जणांत, ५७ टक्के कमी झाली होती. एका रुग्णाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्यानंतर ऊतींत बुडबुडे होऊ लागताच ते ओळखणारी यंत्रणा बसवण्यात आली आणि तापमान ६० अंशांखाली ठेवण्याचे ठरले. हे आकडे वाचताना आपण सावध राहिले पाहिजे. रुग्ण थोडे होते आणि तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट नव्हता. उपचार झाला या विश्वासानेही वेदना काही काळ कमी वाटते. कुष्ठरुग्णांना हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेसाठी केंद्रित ध्वनीला परवानगी दिली. तिथे हाडाच्या आवरणातील चेतातंतूंची टोके उष्णतेने नष्ट केली जातात. हातापायांच्या कंपासाठी २०१६ साली परवानगी मिळाली. आणि एक खुलासा अवश्य करावा: फिजिओथेरपीमध्ये जो अल्ट्रासाउंडचा शेक देतात तो या उपचाराहून वेगळा आहे. नाव एकच असले तरी शक्ती, केंद्रीकरण आणि हेतू भिन्न आहेत. 'ध्वनीने नस मोकळी करतो' अशी जाहिरात पाहून कोणी पैसे भरायला निघाला, तर ध्वनी कोणत्या बिंदूवर पडणार आणि तिथले तापमान कोण मोजणार, हे त्याने आधी विचारावे.

वर्गात करून पाहा

एक बहिर्गोल भिंग, काळा कागद आणि बाटलीच्या तळाची ओबडधोबड जाड काच घ्या. कडा धारदार नाहीत याची खात्री करून घ्या. उन्हात कागद आधी भिंगाच्या जवळ धरा आणि मग नाभीवर आणा. धूर केव्हा येतो ते विद्यार्थ्यांनी नोंदवावे. आता मध्ये ती ओबडधोबड काच धरा. ठिपका फाकतो आणि धूर येत नाही. काच म्हणजे कवटी. भिंगातून सूर्याकडे कोणीही पाहू नये, आणि प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. फाकलेला ठिपका पुन्हा एकत्र आणायचा असेल तर काय काय माहीत असावे लागेल, हा प्रश्न वर्गाला विचारावा. हायनिनेन आणि योलेस यांच्यापुढे हाच प्रश्न होता.