‘ढ’ कोणी ठरवलं?

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत एक मुलगा येतो. गणित तोंडी विचारलं तर पटकन उत्तर देतो. तेच वहीत लिहायला लावलं की ५२ चे २५ होतात, आणि धड्याचा एक परिच्छेद वाचायला दहा मिनिटं लागतात. नववीचा निकाल लागला तेव्हा शाळेने त्याच्या आईला बोलावून सांगितलं, ‘याचा १७ नंबरचा फॉर्म भरा.’ म्हणजे शाळेचा शंभर टक्के निकाल शाबूत आणि पोरगा बाहेर. आम्ही म्हटलं, याची अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घेऊ, जादा वेळ आणि लेखनिक मिळवू. तेव्हा विरोध शाळेने नाही, आपल्याच कार्यकर्त्यांनी केला. ‘जातीचा दाखला आहेच, आता डोक्यात दोष असल्याचाही शिक्का मारून घ्यायचा का?’

हा प्रश्न खुळा नाही. त्यामागे इतिहास आहे, आणि तो आपल्या चळवळीने वाचायला हवा.

पँथर हे नाव आपण ज्या ओकलंडमधून घेतलं, त्याच्या खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्को. तिथे १९७१ साली सहा काळ्या मुलांच्या वतीने खटला दाखल झाला. शाळेने बुद्ध्यांक चाचणी घेऊन या मुलांना ‘शिकवता येण्याजोगे मतिमंद’ ठरवलं होतं आणि वेगळ्या वर्गात बसवलं होतं. त्या वर्गात ना पुढचा अभ्यासक्रम होता, ना परतीची वाट. शहराच्या शाळांमध्ये काळी मुलं होती २८.५ टक्के, पण या वर्गांमध्ये ६६ टक्के. मग काळ्या मानसशास्त्रज्ञांची स्थानिक संघटना पुढे आली. त्यांनी मुलांची चाचणी पुन्हा घेतली, पण मुलांशी आधी ओळख करून घेऊन आणि त्यांना कळेल अशा भाषेत प्रश्न विचारून. सगळ्या मुलांचे गुण ७५ च्या मर्यादेच्या वर गेले. मुलं तीच होती. विचारणारा माणूस बदलला होता.

१९७२ मध्ये, म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, न्यायालयाने मनाई हुकूम दिला. १९७९ चा अंतिम निकालही मुलांच्या बाजूने लागला. ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या नावाने हा खटला ओळखला जातो.

त्याच अमेरिकेत १९६३ साली शिकागोला पालकांची एक परिषद भरली होती. हुशार असूनही वाचता न येणाऱ्या मुलांचे हे पालक. तिथे सॅम्युएल कर्क यांनी ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द वापरला, पालकांनी तो उचलला, संघटना बांधली, सरकारकडून मदत मिळवली. क्रिस्टीन स्लीटर या अभ्यासिकेने १९८६ मध्ये दाखवून दिलं की हा वर्ग सुरुवातीला मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या सोयीचा ठरला. वाचनात अडखळणारं मूल गोरं असेल तर त्याला सवलत, काळं असेल तर मतिमंदांचा वर्ग. इंग्लंडमध्येही वेस्ट इंडियन मुलांच्या वाट्याला हेच आलं. १९७१ साली बर्नार्ड कोर्ड या ग्रेनेडियन शिक्षकाने त्यावर पुस्तिका लिहिली, आणि काळ्या पालकांच्या शनिवारच्या पूरक शाळांना त्यातून मोठं बळ मिळालं. (कोर्ड यांचं ग्रेनेडातलं पुढचं राजकारण ही वेगळी आणि कडू कथा आहे.)

इथवर वाचून आमचे विरोधक म्हणतील, पाहा, आम्ही हेच म्हणत होतो, शिक्का नकोच. पण गोष्ट इथे संपत नाही. १९८६ मध्ये त्याच न्यायाधीशाने काळ्या मुलांची बुद्ध्यांक चाचणी विशेष शिक्षणासाठी सरसकट बंद केली. तेव्हा काही काळे पालकच न्यायालयात गेले. आमच्या मुलाला वाचता येत नाही, कारण शोधायला चाचणी हवी, आणि केवळ तो काळा म्हणून ती नाकारता? १९९२ मध्ये न्यायाधीशांनी सरसकट बंदी मागे घेतली. आणि ज्याच्या नावाने सगळं लढलं गेलं तो लॅरी? मोठेपणीही त्याला नीट वाचता येत नव्हतं. खटला जिंकला, पण पोराशेजारी बसून त्याला वाचायला शिकवणारं कोणी आलं नाही.

आपल्याकडे १९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी सरकारी अहवालाचाच दाखला देऊन सांगितलं होतं की प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. त्या ८२ जणांना शाळेने काय नाव दिलं असेल? ‘ढ’. या एका अक्षरात गरिबी, उपाशी पोट, मास्तरची जात आणि डिस्लेक्सिया सगळंच गाडलं गेलं. तिकडे काळ्या मुलांवर खोटा शिक्का मारला गेला. इकडे आपल्या मुलांना खरं निदानही मिळालं नाही, कारण ‘ही पोरं अशीच’ हे आधीच ठरलेलं.

महाराष्ट्राने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. पण प्रमाणपत्र हवं, आणि ते मिळवायला रुग्णालयाच्या फेऱ्या, चाचण्या, इंग्रजी कागद आणि पाठपुरावा करणारा बाप. साहजिकच मोठ्या शहरांतल्या इंग्रजी शाळांना या सवलती आधी कळल्या. ‘तारे जमीन पर’ मधला ईशानही कुठल्या झोपडपट्टीतला नव्हता. मराठीतून डिस्लेक्सिया तपासण्याचं ‘डाली’ हे साधन राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने आणलं ते २०१५ च्या सुमारास. १९९५ च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचं नावच नव्हतं. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आलं. या कायद्याच्या कलम १६ नुसार असं मूल लवकरात लवकर ओळखणं आणि त्याला योग्य पद्धतीने शिकवणं हे शाळेचं कर्तव्य आहे. हे कलम आम्ही मुख्याध्यापकांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

आणि तरीही सावध राहायला हवं. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बुद्ध्यांक ८५ च्या वर असेल तरच पुढची अध्ययन अक्षमतेची तपासणी करायची, अशी अट होती. म्हणजे लॅरीला ज्या दारातून बाहेर काढलं, त्याच दारातून आमच्या पोराला आत जायचं आहे. ज्याच्या घरात पुस्तक नाही, ज्याची घरची बोली वेगळी, तो अनोळखी टेबलासमोर घाबरून गप्प बसला तर मशीन त्याला काय ठरवणार? म्हणून चाचणीच्या खोलीबाहेर आपला माणूस असला पाहिजे. पोर रात्रपाळीच्या घरातून झोप न होता आलंय, कुठल्या भाषेत बोलतंय, हे तपासणाऱ्याला सांगणारा, आणि निकाल पटला नाही तर फेरतपासणी मागणारा.

१७ नंबरचा फॉर्म आम्ही भरू दिला नाही. मुलगा त्याच शाळेत दहावीत बसतोय. डोळे आणि कान तपासून झालेत, बुद्ध्यांकाची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. त्या दिवशी आईची मजुरी बुडेल, ती अभ्यासिकेच्या वर्गणीतून द्यायची असं ठरलंय. सोबत कोण जाणार ते या रविवारच्या बैठकीत ठरवू. रोज संध्याकाळी सात ते आठ त्याच्याशेजारी बसून वाचून घ्यायला सध्या दोघीजणी आहेत, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या. त्यांची परीक्षा जवळ आलीय, तिसरं कोणीतरी हवं आहे.