हजारो वर्षांच्या हाडात डीएनए शिल्लक आहे का, हे कसे ठरवतात?

हरियाणातील हिसार जिल्ह्यातले राखीगढी हे सिंधू संस्कृतीच्या सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तेथील दफनभूमीचे उत्खनन झाले. तिथल्या सांगाड्यांचे 61 नमुने डीएनएसाठी तपासण्यात आले. त्यांपैकी कामाचा डीएनए मिळाला तो एकाच नमुन्यातून, एका स्त्रीच्या अवशेषांतून. तोही इतका तुटपुंजा होता की त्या एका नमुन्यावर शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया करून मिळालेली माहिती एकत्र करावी लागली. 2019 च्या सप्टेंबरमध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

बाकीचे साठ नमुने का निकामी ठरले? मुख्य कारण उष्णता. माणूस मेला की पेशींतील विकरे आणि मातीतील जिवाणू डीएनएचे तुकडे करू लागतात. पुढे पाणी आणि तापमान हेच काम सावकाश चालू ठेवतात. न्यूझीलंडमधील नामशेष मोआ पक्ष्यांच्या 158 हाडांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी 13 अंश तापमानाला डीएनएच्या एका ठरावीक लांबीच्या तुकड्यांचे प्रमाण सुमारे 521 वर्षांत निम्मे होते, असे आढळले. उत्तर भारताच्या मैदानातला उन्हाळा लक्षात घेता तिथे हा वेग किती वाढत असेल याची कल्पना येते. उलट सुमारे पाच हजार मीटर उंचीवरच्या रूपकुंड तलावाकाठच्या 38 माणसांचा डीएनए वाचता आला. ते अवशेष राखीगढीइतके जुने नाहीत हे खरे, पण तिथली थंडीही मदतीला होती. त्यामुळे ‘हाड किती जुने?’ याच्या जोडीने ‘ते कुठे पडून होते?’ हेही विचारावे लागते.

हाड वरून कसे दिसते यावरून फारसे कळत नाही. टणक, सुबक हाडही आतून रिकामे निघू शकते. म्हणून हाडाचा कोणता भाग घ्यायचा याला महत्त्व आहे. आतल्या कानाभोवतीचे पेट्रस हाड शरीरात सर्वांत घट्ट असते आणि त्यात डीएनए इतर हाडांपेक्षा खूप जास्त टिकतो. दाताच्या मुळावरचा सिमेंटमचा थरही उपयोगी पडतो.

आधी स्वस्तातली चाचणी करून अंदाज बांधता येईल का, याचेही प्रयत्न झाले. 1990 च्या दशकात अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या रूपांतरावरून डीएनए उरला असेल की नाही हे सांगता येईल, असे मांडले गेले. पुढे ही खूण भरवशाची नसल्याचे दिसून आले. हाडात कोलॅजेन किती उरले आहे यावरून थोडा अंदाज येतो, पण कोलॅजेन आहे म्हणजे डीएनए असेलच असे नाही. त्यामुळे आता सरळ थोडीशी पूड काढून त्यातील डीएनएचे वरवर वाचन करतात आणि एकूण तुकड्यांपैकी किती तुकडे माणसाचे आहेत ते मोजतात. बहुतेक तुकडे मातीतल्या जिवाणूंचे असतात. माणसाचा वाटा कित्येकदा एका टक्क्याहूनही कमी भरतो. असा नमुना बहुधा तिथेच सोडून दिला जातो.

पण खरी अडचण यानंतर येते. माणसाचे तुकडे मिळाले, तरी ते नक्की कोणाचे? उत्खनन करणाऱ्याचे की हाड धुणाऱ्याचे? 1994 मध्ये डायनासोरच्या काळातील हाडांतून डीएनए मिळाल्याचा दावा झाला होता. नंतर तो माणसाचाच असल्याचे स्पष्ट झाले. याची शहानिशा करायला डीएनएची झीजच उपयोगी पडते. जुने तुकडे आखूड असतात, बहुधा शंभरापेक्षा कमी अक्षरांचे. त्यांच्या टोकांशी सायटोसिन बिघडून त्याचे युरासिल होते आणि यंत्र ते थायमिन म्हणून वाचते. टोकांकडे अशा चुका वाढत गेलेल्या दिसल्या, तर डीएनए जुना आहे. धडधाकट, लांब तुकड्यांनी उलट संशय वाढतो! पुरुषाच्या नमुन्यात आणखी एक तपासणी करता येते. पुरुषाच्या पेशीत एक्स गुणसूत्र एकच असते, त्यामुळे त्यावर एकाच जागी दोन वेगवेगळी अक्षरे वारंवार मिळू लागली की दुसऱ्या कोणाचा तरी डीएनए मिसळला आहे हे उघड होते.

नमुना घेणे म्हणजे हाडाचा तेवढा भाग कायमचा गमावणे. पेट्रस हाडाच्या रचनेवरून मानवशास्त्रज्ञांनाही बरेच काही कळते, त्यामुळे त्याची पूड करण्याआधी सीटी स्कॅन करून ठेवणे शहाणपणाचे. कवटी अखंड असेल, तर ती न फोडता तळाच्या बाजूने छिद्र पाडून पूड काढण्याची पद्धतही आता वापरात आहे. हातमोजे, मास्क, आणि उत्खननातून निघालेले हाड न धुता कोरडे व थंड जागी ठेवणे, हे सगळे मात्र प्रयोगशाळेत पोहोचण्याआधी, खड्ड्यापाशीच सांभाळावे लागते.