शब्दवेध : लकब

धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याजवळ २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याला हरवले. तो आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर दोघेही पडले. यातले ‘बहादूर’ हे गौरवपद. नावाला जोडलेल्या अशा पदाला अरबी-फारसीत ‘लकब’ म्हणतात.

मराठीने हा शब्द दरबारातून थेट घरात आणला. बोलताना खांदा उडवणे, चष्मा वर सारत राहणे, दर वाक्याला ‘काय आहे, की’ म्हणणे, या आपल्या लकबी. किताब बादशहा देई. ही लकब कुणी देत नाही आणि ज्याची असते त्यालाच तिचा पत्ता नसतो. पण पाठमोरा माणूसही तिच्यावरून ओळखू येतो. ओळख पटवण्याचे मूळ काम शब्दाने सोडले नाही, असे मला वाटते. माळव्यातले हिंदी शेजारी बोलण्यात सवयीने येणाऱ्या शब्दांना ‘तकियाकलाम’ म्हणतात: बोलणे टेकवायचा तक्क्या.

मात्र पापणी सारखी फडफडणे, मानेला हिसके बसणे ही लकब नव्हे. फ्रेंच डॉक्टर जिल द ला तूरेत यांनी १८८५ मध्ये अशा आचक्यांचे वर्णन केले. ते मज्जासंस्थेतून येतात, हट्टातून नाही. असे आचके येणाऱ्या मुलाची नक्कल करू नका, त्याला दटावू नका.