रांगेचं गणित



बाजाराचा दिवस आहे. तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानापुढे माणसं खोळंबली आहेत. कुणाच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर, तर कुणाला तीनची एस. टी. गाठायची. "अहो, हात चालवा जरा!" असं कुणीतरी ओरडतंच. पण रांग वाढते ती काय दुकानदाराच्या आळसामुळंच? या प्रश्नाचा शोध शंभर वर्षांपूर्वी एका टेलिफोन कंपनीत सुरू झाला.

आग्नर एरलांग हे १८७८ साली डेन्मार्कमधल्या एका खेड्यात, शाळामास्तरांच्या घरी जन्मले. काही वर्षं स्वतःही शिक्षक होते. १९०८ साली ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागले. तिथं पेच असा, की तारा कमी ठेवाव्यात तर लोक ताटकळतात, जास्त ठेवाव्यात तर पैसा वाया जातो. फोन कोण केव्हा करील याचा नेम नाही. पण या बेभरवशाच्या येण्यालाही हिशेब आहे, हे एरलांग यांनी १९०९ साली दाखवून दिलं. किती वेळ थांबावं लागेल याची सूत्रं त्यांनी १९१७ साली मांडली. पुढे १९५२ साली ब्रिटनमध्ये नॉर्मन बेली यांनी हेच गणित इस्पितळापुढच्या रोग्यांच्या रांगेला लावलं.

शिक्षक बंधुभगिनींनी ते फळ्यावर मांडून पाहावं. दुकानात माणूस एकच, आणि एका चिठ्ठीला त्याला सरासरी ५ मिनिटं लागतात. म्हणजे तासाला १२ चिठ्ठ्या. गिऱ्हाइकं वाटेल तेव्हा येतात, कुणाचं काम चटकन होतं, कुणाचं रेंगाळतं. अशा वेळी तासाला ६ जण आले तर नंबर लागेपर्यंत सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. १० आले तर २५ मिनिटं. आणि ११ आले तर? तब्बल ५५ मिनिटं! एकच माणूस वाढला आणि खोळंबा दुपटीच्या वर गेला. दुकानदार तर पहिल्याइतकाच राबतो आहे.

आता उलट बाजू पाहा. त्याच ११ जणांच्या कामात प्रत्येकी एकच मिनिट वाचलं, ५ ऐवजी ४ लागली, तर थांबणं ५५ वरून ११ मिनिटांवर येतं.

हे मिनिट वाचवायचं कुठं? पैसे घ्यायला दुसरा माणूस बसवावा. दरमहा लागणारी औषधं आधीच बांधून ठेवावीत. खिडक्या दोन असल्या तरी रांग एकच ठेवावी, म्हणजे एखाद्या लांबलचक चिठ्ठीमागं कुणी अडकून पडत नाही. मात्र गोळी केव्हा, किती, जेवणाआधी की नंतर, हे समजावून सांगण्याच्या वेळेला कात्री लावू नये. तिथल्या घाईची किंमत रोग्याच्या जिवानं मोजावी लागते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी रांगेत उभे राहाल तेव्हा दुकानदारावर डाफरण्याआधी जरा मोजून पाहा: तासाला येतात किती, आणि त्याच्या हातून निघतात किती?