कमी खाल्लं की जास्त जगतो? पण कोणापेक्षा?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरला परवा सहज विचारलं, "कमी कॅलरी खाल्ल्याने माणसाचं आयुष्य वाढतं का?" तो लगेच म्हणाला, "हो दादा, उंदरांवर सिद्ध झालंय." तुमचंही उत्तर हेच असेल तर थोडं थांबा. प्रश्न माणसाचा होता.

उंदरांची गोष्ट १९३५ ची. कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या उंदरांना जीवनसत्त्वं, क्षार पुरेसे दिले, पण कॅलरी कमी. नर उंदीर बरेच जास्त जगले. गंमत म्हणजे मॅकेचा मूळ प्रश्न आहाराचा नव्हताच, तर वाढ मंदावली तर आयुष्य लांबतं का, हा होता. कॅलरी हे त्याचं साधन होतं. पुढच्या लोकांनी साधनालाच विषय केलं. शोधनिबंधाचं शीर्षक नीट वाचा म्हणतात ते यासाठी.

माणसावरचा सगळ्यात विलक्षण प्रसंग ठरवून घडलेलाच नाही. २६ सप्टेंबर १९९१ ला अ‍ॅरिझोनात 'बायोस्फिअर २' नावाच्या काचेच्या बंदिस्त इमारतीत आठ माणसं दोन वर्षांसाठी शिरली. आतच पिकवायचं, तेच खायचं. पीक अपेक्षेपेक्षा कमी आलं आणि सगळेच अर्धपोटी राहू लागले. त्या आठांत डॉक्टर होते ६७ वर्षांचे रॉय वॉलफर्ड, ज्यांनी हयात उंदरांवर हाच प्रयोग करण्यात घालवली होती! त्यांनी लगेच मोजमापं सुरू केली. सहा महिन्यांत सरासरी कोलेस्टेरॉल १९१ वरून १२३ वर आलं, रक्तदाब आणि साखरही उतरली.

आकडे भारी आहेत, मान्य. पण विचारा ना: तुलना कोणाशी? आठच माणसं, बाहेर कंट्रोल गट नाही. वर दिवसभर शेतीची मेहनत, आणि पुढे आतला ऑक्सिजन २०.९ वरून १४.५ टक्क्यांपर्यंत घसरला. यातला कोणता परिणाम कॅलरीचा? वॉलफर्ड २००४ मध्ये, ७९ व्या वर्षी, एएलएस या चेताविकाराने गेले. त्यावरून "बघा, डाएट फसलं" म्हणणारेही असतात. तेही तितकंच चूक, एका माणसावरून काही ठरत नाही.

'तुलना कोणाशी' हाच पेच माकडांवरच्या प्रयोगांत उघडा पडला. विस्कॉन्सिनच्या गटाने २००९ मध्ये सांगितलं, कमी खाणाऱ्या ऱ्हीसस माकडांत वार्धक्याच्या आजारांनी होणारे मृत्यू कमी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेने (एनआयए) २०१२ मध्ये सांगितलं, आयुष्यात फरक नाही. दोन्ही प्रयोग वीस वर्षांहून जास्त चाललेले. मग खोटं कोण? कोणीच नाही. विस्कॉन्सिनची कंट्रोल माकडं हवं तेवढं खात होती आणि त्यांच्या खाण्यात जवळपास २८ टक्के साखर होती. एनआयएच्या कंट्रोल माकडांनाही मोजूनच मिळायचं, साखर ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एकीकडे तुलना खादाडाशी, दुसरीकडे आधीच बेताने खाणाऱ्याशी. २०१७ मध्ये दोन्ही गटांनी मिळून निबंध लिहिला, जुना डेटा शेजारी ठेवून. (एकमेकांविरुद्ध निष्कर्ष काढलेल्या लॅब एकत्र लिहितात, हे मला तरी निष्कर्षाहून मोठं वाटतं.)

माणसांवर खरा यादृच्छिक प्रयोग झाला तो 'कॅलरी' नावाचाच: लठ्ठ नसलेली २१८ माणसं, दोन वर्षं, लक्ष्य २५ टक्के कपात. प्रत्यक्षात जमली १२ टक्के, तीही आहारतज्ज्ञ पाठीशी असताना. वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं, हृदयाच्या धोक्याचे निर्देशांक सुधारले. २०२३ मध्ये त्याच रक्तनमुन्यांच्या डीएनएवरून वृद्धत्वाचा वेग मोजला, तर तो २ ते ३ टक्के मंदावलेला दिसला. पण तो एकाच मापाने. दुसऱ्या दोन मापांत काही फरक नव्हता.

आयुष्य वाढलं का, हे यातल्या कोणत्याच प्रयोगाने माणसात मोजलेलं नाही. मोजायचं तर आज भरती केलेल्या तिशीतल्या लोकांमागे पन्नास-साठ वर्षं फिरावं लागेल, आणि फेलोशिप पाच वर्षांची असते.